मधल्या चौकटीतला प्रश्न

वायरमनकडे सोलर बसवायला कुणीही आलं, तरी तो आधी छपराकडे बघायचाच नाही. आलेल्या माणसाला तो स्टुलावर बसवायचा, हातात कागद-पेन्सिल द्यायचा आणि म्हणायचा, "सकाळी उठल्यापासून रात्री डोळा लागेपर्यंत काय काय चालू करणार, ते लिहा. किती तास, तेही लिहा. आणि खोटं लिहू नका. बायकोशी खोटं बोललात तर ती भांडेल तरी. बॅटरी भांडत नाही, सरळ झोपते."

माणसं हसायची आणि लिहायची. त्या एका कागदावरून वायरमनला समोरच्याचा अख्खा संसार कळायचा. कोण रात्री जागतं, कुणाला अंधाराचं भय वाटतं, कुणाच्या घरात एका खोलीत दोन टीव्ही आहेत. मोठमोठे लोक त्या स्टुलावर बसून लहान मुलासारखे पेन्सिल चावत बसलेले त्यानं पाहिले होते.

त्या दिवशी स्टुलावर त्याची सून बसली होती.

"झालं लिहून, बाबा."

वायरमननं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला. कान तपासायचं मशीन, पाच तास. कानाचे साचे घट्ट करायचा दिवा, दोन तास. छोटा फ्रिज, चोवीस तास. लॅपटॉप, मोबाइल. दिवे दोन. पंखे दोन.

'पंखे दोन'वर त्याचं बोट थांबलं. सुनेच्याही ते तेव्हाच लक्षात आलं. तिनं पटकन कागद परत मागितला.

"चुकून लिहिलं. एकच."

"राहू दे."

"कशाला उगाच? हिशोब फुगेल."

"अगं, म्हाताऱ्याकोताऱ्यांचे कान धरणार तू. उकाड्यात घामानं एखाद्याचा कान निसटला हातातून, म्हणजे? राहू दे दुसरा पंखा."

ती हसली, पण जराशी उशिरा. वायरमननं मान खाली घालून बेरीज केली, दोन्ही पंखे धरून.

गाडीत पलंगाच्या दोन्ही अंगांना एकेक पंखा लावायचा, हे ठरवलं होतं त्याच्या मुलानं. मुलगा जाऊन चौदा महिने झाले होते. मागे राहिली होती ती गाडी. एक जुनी मिनीबस त्यानं विकत घेतली होती, सीट काढून टाकल्या होत्या, आत पलंग, ओटा, कपाटं सगळं स्वतः बसवलं होतं आणि तिचं नाव ठेवलं होतं कासव. नवराबायकोनं त्या कासवात राहायचं, गावोगाव फिरायचं, ज्यांना शहरात येववत नाही अशांचे कान हिनं तपासायचे आणि गाडी त्यानं चालवायची, असा तो बेत होता. तो गेला तसं सुनेनं भाड्याची खोली सोडली आणि ती सासू-सासऱ्यांकडे राहायला आली. कासव पुन्हा वायरमनच्या शेडमध्ये येऊन उभं राहिलं. त्याच्यावर धूळ बसत गेली. आणि मग एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "आई, बाबा, मी जायचं म्हणते. एकटी. सोलर तेवढं बसवून द्याल?"

जनरेटर तिला चालणार नव्हता. कानाची तपासणी म्हणजे शांततेचं काम. डोक्याला यंत्र लावून बसलेल्या आजीला बारीकसा सूर ऐकू येतो का, ते बघायचं, आणि बाजूला जनरेटर धडधडतोय! देवानं उन्हाला आवाज दिला नाही, हे त्या दिवशी वायरमनला पहिल्यांदा जाणवलं.

पण खरं सांगायचं तर बेरीज करताना त्याच्या मनात एक चोर बसला होता. यादी छपरात मावली नाही तर बरं, असं त्या चोराला वाटत होतं. मावली नाही, तर जाणं लांबेल. गॅलरीत वाळणारे तिचे कपडे, दुपारी स्वयंपाकघरातून येणारं तिचं आणि सासूचं बोलणं, सगळं आणखी थोडे दिवस राहील. मुलाच्या मागे त्याचं म्हणून घरात उरलं होतं ते एवढंच.

बेरीज झाली. तीन पॅनेलं पुरत होती. छपरावर नीट ऊन पडेल अशी जागा तिनाचीच होती.

"मावतंय," वायरमन म्हणाला, आणि चष्मा पुसायला लागला.

*

पॅनेलं घ्यायला दोघं दुकानात गेले. सुनेला वाकणारी, पातळ पॅनेलं आवडली होती. ती थेट छपरालाच चिकटवता येतात, वजनाला कागदासारखी.

"बघा ना बाबा, एका हातात उचलतंय. गाडीला भार नाही, छपराला भोक नाही."

"दिसायला चांगलंय. पण छपराला घट्ट चिकटतं, खाली हवा नाही. उन्हात तापतं, तापलं की कमी देतं, आणि चार वर्षांत अंगावर फोड येतात. मग ते खरवडून काढायचं. खरवडताना छप्पर निघेल, ते निघणार नाही." मग काचेच्या, ॲल्युमिनियमच्या चौकटीतल्या पॅनेलवर त्यानं टिचकी मारली. "हे घे. जड आहे, पण पायावर उभं राहतं. खाली दोन बोटं फट. हवा खेळती राहते. वीस-पंचवीस वर्षं बघायला नको."

"वीस-पंचवीस वर्षं मी काय फिरतच राहणार आहे?"

 वायरमन एकेक पॅनेल उलटं करून मागचं लेबल वाचू लागला. तिन्ही पॅनेलांचा आकडा जुळला पाहिजे, कोपरे सरळ पाहिजेत, काचेत बुडबुडा नको. पाच परत ठेवली, सहावं बाजूला काढलं.

दुकानदार वैतागला. "काका, पॅनेल घेताय की पत्रिका जुळवताय?"

"पत्रिका मी नाही बघत," वायरमन म्हणाला. "पण तिघांनी एका छपरावर दिवस काढायचेत. आधीच बघितलेलं बरं."

सून खुदकन हसली. घरी येईपर्यंत मांडीवर चार्ज कंट्रोलरचा, म्हणजे पॅनेलची वीज मोजून बॅटरीत सोडणाऱ्या यंत्राचा, खोका धरून ती बसली होती. वायरमन आपली गाडी चालवत होता आणि मुद्दाम सावकाश चालवत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामासाठी बाहेर गेली होती. वायरमननं शिडी लावली, बादलीत साबणाचं पाणी घेतलं आणि छप्पर धुवायला वर चढला. छपरावर धुळीचा जाड थर होता. त्यानं पुढच्या टोकापासून फडकं फिरवायला सुरुवात केली. पांढरंशुभ्र फायबर बाहेर यायला लागलं. फडकं पिळलं, पुन्हा फिरवलं. फडक्याला काळं लागलं. ती धूळ नव्हती. त्यानं नीट पाहिलं.

सुतारी पेन्सिलीची एक रेघ होती. रेघेला काटकोन होता. काटकोनात अर्धवट पुसलेला '१' होता.



मग त्यानं फडकं बाजूला टाकलं आणि कोरड्या हातानं, भाकरीवरचं पीठ झटकावं तशी हळुवार धूळ झटकली. तीन चौकटी निघाल्या. एक, दोन, तीन. मापं लिहिलेली. मागच्या बाजूला झरोक्याची उंच पेटी होती, तिच्याजवळ एक बाण आणि बाणाखाली 'दोननंतर सावली'. अक्षर मुलाचं होतं. लहानपणापासून तसंच. उजवीकडे पडायला आलेलं, जणू प्रत्येक अक्षराला कुठेतरी जायची घाई आहे.

मधल्या चौकटीत आणखी एक ओळ होती.

'मालिका की समांतर? बाबांना विचारायचं.'

वायरमन छपरावर बसला. साबणाचं पाणी उतारावरून वाहत होतं, ते त्या ओळीपर्यंत जाऊ नये म्हणून त्यानं आपला पाय आडवा घातला आणि तसाच बसून राहिला.

आता हे ऐका. पॅनेलं एकमेकांना दोन तऱ्हांनी जोडतात. एकापुढे एक, माळेत मणी ओवावेत तशी जोडली की मालिका. त्यात एकावर सावली आली की सगळ्यांचाच जोर ओसरतो. शेजारीशेजारी जोडली, प्रत्येकाची वाट वेगळी ठेवली, की समांतर. एक सावलीत गेलं तरी उरलेली आपली कामाला. हे वायरमन त्याच्याकडे शिकायला येणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगायचा. मुलाला तर त्यानं हे मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं, जेवणाच्या टेबलावर चमचे मांडून. एवढं साधं कसं विसरला हा, असं त्याच्या मनात आलं. तेव्हाही रागच आला, बघा. रागाची सवय अशी असते.

आणि रागापाठोपाठ ते वाक्य आलं.

याच शेडमध्ये, तेव्हा नुकत्याच विकत आणलेल्या याच गाडीच्या दारात मुलानं सांगितलं होतं की मी तुमच्या हाताखालचं काम सोडतोय, आम्ही दोघं गाडी घेऊन निघणार. वायरमननं हातातला पाना फेकला होता. "जा. पण एक लक्षात ठेव. मग मला काही विचारायला येऊ नकोस." मुलगा म्हणाला, "बरं." त्यानंतर आठ महिने एका गावात, चार गल्ल्या सोडून दोघं राहिले. मुलगा आईला फोन करायचा, आई तिकडे जाऊन यायची. वायरमन वर्तमानपत्र वाचत बसायचा. पाचशे वेळा वाटलं असेल त्याला की उठावं आणि जाऊन यावं. पण येऊ नकोस म्हणणारा मी, जाऊ कसा? मग एका गुरुवारी दुपारी कुणीतरी दवाखान्यातून फोन केला. डोक्यातली नस फुटली होती. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

ते वाक्य वायरमननं कुणाला सांगितलं नव्हतं. देवाला सांगितलं होतं, रोज. पण देव ऐकून घेतो, उलट काही बोलत नाही.

"अहो! चहा घेताय का?" खालून बायकोनं हाक मारली.

"आलो," तो म्हणाला. आणि आला नाही.

*

पॅनेलं त्यानं त्याच दुपारी बसवली. सूनही तोवर आली होती. तिला त्यानं गाडीच्या आत ठेवलं, वरून येणारी तार ओढून घ्यायला. वर येऊ दिलं नाही. "छपरावर दोघांचं वजन नको," म्हणाला.

पहिलं पॅनेल पहिल्या चौकटीत बसलं. मधली चौकट त्यानं सोडून दिली. दुसरं पॅनेल तिसऱ्या चौकटीत बसलं. आणि तिसरं त्यानं मागे सरकवलं, झरोक्याच्या पेटीला खेटून. चार भोकं पाडली, पाय कसले, भोकांत लुकण भरलं. दोननंतर सावली, हे तो वाचून विसरला नव्हता. त्यानं स्वतःला सांगितलं, थोडीशीच पडेल.

उन्हात पॅनेलमध्ये वीज जिवंत असते, तारा जोडताना त्याला झाकून ठेवावं लागतं. बायकोनं जुनी चादर दिली. पांढऱ्या चादरीखाली तीन आडवे आकार दिसायला लागले तसं वायरमननं तोंड फिरवलं आणि न बघताच जोड दिले. पॅनेलांच्या तारांना जी टोकं असतात ती एकाचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात सहज अडकतात. हातानं ती तशीच अडकवली. मालिकेत. हात चालत होते, डोकं मधल्या चौकटीत होतं.

"झालं?" सुनेनं आतून विचारलं.

"झालं."

ती बाहेर आली आणि तिनं वाकून त्याला नमस्कार केला. एवढ्या वर्षांत कुठलं काम झाल्यावर वायरमनला इतकी लाज वाटली नव्हती.

*

तिसऱ्या दिवशी कासव उन्हात काढलं. निघायला चार दिवस होते. सासू आत पडदे लावत होती. वायरमन बाहेर खुर्ची टाकून बसला होता. सून कंट्रोलरच्या पडद्यासमोर बसून आकडे मोठ्यानं वाचत होती.

"बारा वाजता तीनशे दहा वॅट! बाबा, काय मस्त!"

"हं."

"एकला दोनशे नव्वद."

"हं."

दोन वाजले. सवादोन झाले. 

"बाबा, नव्वद दाखवतंय."

"ढग असेल."

सुनेनं दारातून डोकं बाहेर काढलं आणि आभाळाकडे पाहिलं. आभाळ धुतलेल्या ताटासारखं स्वच्छ होतं.

"अहो, कुठला ढग?" सासूही खिडकीतून म्हणाली. "तुमच्या चष्म्यावर असेल."

 सुनेनं शिडी आणली आणि लावली. वायरमन उठला. आता तिला नको म्हणावं तर का, ते सांगावं लागलं असतं. म्हणून त्यानं शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले आणि खाली बघत उभा राहिला. तिच्या चपला त्याच्या डोळ्यांसमोरून वर गेल्या.

ती खूप वेळ वर होती.

वायरमनला वर न बघताच दिसत होतं. झरोक्याची सावली तिसऱ्या पॅनेलवर आडवी पडली असणार आणि तिनं तिन्ही पॅनेलांना खाली ओढलं असणार. आणि दोन पॅनेलांच्या मध्ये एक पांढरा, रिकामा चौकोन. त्यात ती ओळ.

ती उतरली. शिडीच्या दुसऱ्या पायरीवरच बसली, म्हणजे तिचं डोकं त्याच्या डोक्याच्या बरोबरीला आलं.

"बाबा," ती म्हणाली, "वायरमननं सावलीत पॅनेल बसवलं, असं मी बाजारात सांगितलं ना, तर लोक मलाच वेड्यात काढतील."

वायरमननं शिडीचा पाय आणखी घट्ट धरला. 

"मला माहीत होतं तिथे लिहिलंय ते. त्यानं लिहिलं तेव्हा शिडी मी धरली होती. आत्ता तुम्ही धरलीत तशीच."

"मी त्याला म्हणालो होतो, पोरी..." वायरमन म्हणाला. "म्हणालो होतो की मला विचारायला..."

"येऊ नकोस. माहितीये."

"तुला सांगितलं त्यानं?"

"त्याच दिवशी. रडला थोडा. मग दोन-चार दिवसांनी तुमची नक्कल करून दाखवायला लागला. पाना फेकून." तिनं हातानं पाना फेकल्यासारखं केलं. "म्हणायचा, म्हातारा हट्टी आहे, पण कामाचं काही विचारलं तर त्याला गप्प राहता येत नाही. म्हणून काहीतरी विचारायला घेऊन जायचं. रविवारी जातो म्हणाला होता."

"रविवारी?"

"गुरुवारनंतरच्या."

शेडच्या पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, नखं वाजवत दोन पावलं चालला आणि उडाला.

"पण हे विचारायचं होतं?" वायरमन एकदम चिडल्यासारखा म्हणाला. चिडला नव्हता, त्याला दुसरा आवाजच सापडत नव्हता. "मालिका की समांतर? अगं, हे मी त्याला दहा वर्षांचा असताना शिकवलं! चमचे मांडून! त्याला येत होतं हे. झोपेत विचारलं असतं तरी..."

आणि तो थांबला.

सून त्याच्याकडे बघत होती.  

वायरमननं शिडी सोडली आणि तो जमिनीवरच बसला, ग्रीसच्या डागांवर, पाय पसरून. त्याला येत होतं. सगळं येत होतं. बापाला सहज सांगता येईल असा, त्याची मान ताठ राहील असा एक सोपा प्रश्न त्यानं निवडून ठेवला होता. सगळ्यात सोपा. आणि तो विचारायला फक्त रविवार यायचा बाकी होता.

सासू गाडीतून उतरून आली. तिनं नवऱ्याला तसं बसलेलं पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "काय झालं?"

सुनेनं सांगितलं. थोडक्यात, दोन वाक्यांत.

 सासूनं पदर खोचला. तिचे गुडघे असे होते की दोन वर्षांत ती गच्चीवर गेली नव्हती. ती शिडीला भिडली. सून खालून, वायरमन बाजूनं धरायला धावला. "अगं, पडशील!" "पडू दे," ती म्हणाली, आणि एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत, देवाचं नाव घेत चढली. छपराच्या कडेवर कोपरं टेकून तिनं हात लांब केला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं, न टेकवता, वरच्या वर.

"अक्षर काही सुधारलं नाही मेल्याचं," ती म्हणाली.

जन्मभर ती त्याला असंच म्हणत आली होती. शाळेच्या वहीवरून, ओल्या टॉवेलवरून, उशिरा घरी येण्यावरून. तोंडातून शब्द गेला आणि मग तिला तो ऐकू आला. तिनं छपरावर डोकं ठेवलं. शिडी थरथरायला लागली. खाली दोघांनी ती धरून ठेवली. तिघांपैकी कुणीही कुणाला रडू नको म्हणालं नाही.

*

थोड्या वेळानं सून म्हणाली, "बाबा, असंच राहू दे. मी दुपारी गाडी उलटी लावत जाईन. दोननंतर तपासण्या ठेवणार नाही. चालेल मला."

"आणि एखादी म्हातारी तीन वाजता आली तर?"

"तिला दुसऱ्या दिवशी बोलवीन."

"लांबून आलेली असेल ती. चालत." वायरमननं डोळे पुसले. "तिला परत पाठवणार? का, तर म्हणे सासऱ्याला एक ओळ झाकवत नाही. आम्ही तुला इथे अंधारात बसवून ठेवली चौदा महिने, ते पुरे नाही झालं?"

"मी बसले होते. तुम्ही नाही बसवलं."

"मी तर म्हणतच होते," सासू म्हणाली. ती आता खुर्चीत बसून गुडघा चोळत होती. "तिला ठेवून घेऊन आपण काय दिवे लावणार आहोत? जाऊ दे तिला. आणि नीट जाऊ दे."

सुनेनं मोबाइल काढला. "फोटो काढलाय मी. मोठा करून देते."

"दे," वायरमन म्हणाला. पण ते फोटोत मावणारं नाही, हे तिघांनाही कळत होतं.

वायरमननं आयुष्यात कुठल्याही छपराला दोनदा भोकं पाडली नव्हती. त्या दिवशी पाडली. झरोक्याजवळचं पॅनेल सोडवलं, मागची चार भोकं लुकणानं बुजवली, वरून पट्टी चिकटवली. तिन्ही पॅनेलं समांतर जोडायला तिहेरी तोंडांचे जोड दुकानातून सुनेनं आणले. दुकानदारानं विचारलं म्हणे, "काय, पत्रिका नाही जुळली?" ती म्हणाली, "जुळली. घर बदललं."

या खेपेला वायरमननं तिला वर घेतलं. दोघं मधल्या चौकटीच्या दोन अंगांना गुडघ्यांवर बसले. पॅनेल धरायच्या आधी वायरमननं खिशातून पेन्सिल काढली. सुतारी, चपटी, तसलीच. तिला टोक काढायला त्यानं बराच वेळ लावला. मग वाकून, मुलाच्या ओळीखाली, आपल्या ठसठशीत अक्षरात त्यानं लिहिलं:

'समांतर. गाडी आहे, सावली कुठूनही येईल.'

थांबला. सून बघत होती. खालून सासूनं विचारलं, "काय लिहिलं हो?"  त्यानं पेन्सिल पुन्हा टेकवली.

'विचारायला येत जा.'

मग दोघांनी पॅनेल उचललं आणि चौकटीच्या रेघांवर रेघ लावून ठेवलं. खाली दोन बोटं फट राहिली. शेवटचा स्क्रू कसण्याआधी वायरमननं गाल छपराला लावून त्या फटीतून पाहिलं. आत सावली होती, थोडा उजेड होता, अक्षरं दिसत नव्हती. वारा मात्र जात होता.

*

चार दिवसांनी, ठरल्याप्रमाणे, सकाळी ती गेली. पडदे लागले होते, दोन्ही पंखे लागले होते, आणि फ्रिजमध्ये सासूनं इतके डबे कोंबले होते की दार रबर लावून बंद करावं लागलं. दारात तिनं सासूला मिठी मारली. ती दोघींनाही पुरली नाही. वायरमनला म्हणाली, "बाबा, काळजी घ्या." तो म्हणाला, "टायरची हवा बघत जा." कासव गल्लीच्या टोकाला वळलं. वळताना त्याच्या छपरावर ऊन चमकलं. मग गल्ली नुसती गल्ली राहिली.

दोघं शेडमध्ये येऊन उभे राहिले. जिथे गाडी होती तिथे जमिनीवर तेलाचा डाग होता आणि भोवती स्वच्छ, धूळ न बसलेला मोठा चौकोन. बायकोनं झाडू उचलला आणि परत ठेवून दिला.

"आता पोरगा खरा गेला," ती म्हणाली.

वायरमन "हो" म्हणाला.

जेवण कुणाला गेलं नाही. दोन वाजले. वायरमन घड्याळाकडे बघत बसला. अडीच. सावली आता रिकाम्या जागेवर पडत असेल. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"बाबा? पोचले मी. दोनशे सत्तर दाखवतंय, तीन वाजले तरी."

"छान."

"एक आजी आल्यात. बसवलंय त्यांना." मग ती थांबली. मागे कुठेतरी कोंबडं आरवलं. "बाबा, एक विचारायचं होतं. कधी तारा काढायची वेळ आली, तर आधी बॅटरीची तार काढायची की पॅनेलची?"



हे त्यानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दोनदा. दुसऱ्यांदा तर तिनंच त्याचं वाक्य पुरं केलं होतं, आणि कंट्रोलरच्या झाकणावर आतून आपल्या हातानं लिहूनही ठेवलं होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "काय म्हणते?" तिनं खुणेनं विचारलं.

वायरमननं खुर्ची ओढली, बसला. डोळे वाहत होते, ते त्यानं वाहू दिले. आवाज मात्र त्यानं ताठ केला, शिकवतानाचा.

"चांगलं विचारलंस," तो म्हणाला. "आता नीट ऐक. आधीपासून सांगतो."